पिकअपच्या हौद्यात एक ब्रास वाळू नेता येईल का?

नाही, एका खेपेत नेऊ नये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढ्या कोरड्या वाळूचे वजन साधारण साडेचार टन भरते. ओली वाळू तर त्याहूनही जड असते. आपल्याकडच्या मोठ्या पिकअपची क्षमता सुमारे १,७०० किलो धरली, तर तिच्यात जेमतेम एक तृतीयांश ब्रास वाळू बसते. आपल्या गाडीचा नेमका आकडा हवा असल्यास नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. मात्र चालकाचे वजनही त्यातच धरावे लागते.

हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून आणखी फावडी टाकण्याचा मोह होतो, आणि खरा धोका तिथेच आहे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) सरळ होऊन टायर मडगार्डला घासू लागतात, पुढची चाके हलकी पडल्याने स्टिअरिंगची पकड जाते, आणि घाटाच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून वाळू फाळक्याकडे (हौद्याच्या मागच्या झडपेकडे) न साचवता केबिनच्या बाजूने सपाट पसरावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तीन खेपा कराव्यात.