आवाज गेला नाही, भलतीकडे वळलाय

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे. गेल्या आठवड्यात स्क्रीनवर आलेलं अपडेट होऊ दिलं, त्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हरही होता. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तो मुकाच. तेच स्पीकर मोबाइलला लावले की छान वाजतात. इथल्या दुकानदाराने न उघडताच सांगितलं, ‘साउंड उडालाय, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ मुलगी कॅनडात असते, रविवारी तिच्याशी बोलणं होतं. सध्या नुसते हातवारे चाललेत. बोर्ड बदलू का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, तासगाव

उत्तर : सर, बोर्डाला कुणालाही हात लावू देऊ नका. निम्मं निदान तुम्हीच पत्रात करून टाकलंय. स्पीकर मोबाइलवर वाजतात, म्हणजे स्पीकर आणि वायर ठणठणीत. आणि आवाज गेला तो अपडेटनंतरच्या रीस्टार्टला. बोर्डावरची साउंडची चिप नेमकी त्याच मिनिटाला मरेल, इतका योगायोग मी तरी धरत नाही.

तुमचा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला असणार, असं मी धरून चालतो. त्या एकाच वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही. म्हणून ग्राफिक्सचा ड्रायव्हर (म्हणजे चित्र दाखवणारा भाग चालवायला विंडोजला लागणारा प्रोग्राम) येताना स्वतःचा आवाजाचा ड्रायव्हरही पिशवीत घेऊन येतो. तो बसला की विंडोजला वाटतं, आवाज बाहेर सोडायला नवी जागा मिळाली, आणि पुष्कळदा ती जुनी सोडून हीच धरते. आता बऱ्याच मॉनिटरांना स्पीकरच नसतात. मोटर चालू, पाटाला पाणीही आहे, पण ते शेजारच्या वाफ्यात वळलंय, असा प्रकार.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एखादं गाणं चालू करून ठेवा. ते चालू असतानाच विंडोजचं बटण धरून आर दाबा. चौकट उघडेल, तिच्यात इंग्रजीत एमएमएसवायएस, मग टिंब, मग सीपीएल असं सलग टाइप करून एंटर करा. ‘प्लेबॅक’ नावाचं पान येईल. त्यात जी नावं दिसतील, त्यांच्या उजवीकडे एक बारीक उभी पट्टी असते. ज्या नावासमोर ती हिरवी होऊन खालीवर नाचते, तिथे आवाज चाललाय. ती मॉनिटरच्या नावासमोर, किंवा ‘एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ’, ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’ अशा नावासमोर नाचत असेल तर चोर सापडला. ‘स्पीकर्स’ आणि खाली ‘रिअलटेक’ (बोर्डावरच्या साउंड चिपची कंपनी) लिहिलेल्या नावावर राइट क्लिक करून ‘सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस’ निवडा. गाणं थांबवून परत लावा.

‘स्पीकर्स’ त्या यादीत दिसतच नसेल, तर मोकळ्या जागेत राइट क्लिक करा आणि ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’वर खूण करा. फिकट होऊन दडलेलं असेल तर वर येईल, त्याला ‘एनेबल’ करा.

पट्टी रिअलटेकसमोरच नाचतेय आणि तरी आवाज नाही, असं असेल तर आधी कॅबिनेटच्या मागे वाकून पाहा. स्पीकरची पिन हिरव्या भोकातच आहे ना? गुलाबी माइकचं असतं. साफसफाईत पिना बदललेल्या मी इतक्यांदा पाहिल्यात की हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

तिथेही सगळं ठीक असेल, किंवा स्पीकर्स यादीत मुळीच आले नसतील, तर संशय रिअलटेकच्या ड्रायव्हरवर. विंडोजचं बटण धरून एक्स दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’मध्ये रिअलटेकवर डबल क्लिक करा. ‘ड्रायव्हर’च्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे, त्याने जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर जुना शिल्लक नाही. मग ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, त्यापुढे ‘लेट मी पिक’, आणि यादीतला साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. हा विंडोजचा घरचा ड्रायव्हर. इक्वलायझर वगैरे नखरे त्यात नाहीत, पण तुमच्या कामाला पुरतो. (लॅपटॉपवाल्या वाचकांनी मात्र थांबावं. काही नव्या लॅपटॉपांत आवाज इंटेलच्या ‘स्मार्ट साउंड’मधून फिरतो, तिथे घरचा ड्रायव्हर चालेलच असं नाही. त्यांनी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्यावा.)

आपण काही चुकीचं दाबलं, असंही मनात आणू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अपडेटमधून इंटेलचा एक चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर काही विंडोज १० वाल्यांकडे गेला आणि आवाज बंद पडले. तो काढून टाकणारं वेगळं अपडेट मायक्रोसॉफ्टला पाठवावं लागलं होतं. म्हणून ‘ऑप्शनल अपडेट्स’मधले ड्रायव्हर मी गरज नसताना घेत नाही. सुरक्षेची अपडेट मात्र बंद करू नका. आणि इंटरनेटवर ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणारे फुकट प्रोग्राम दिसतात, त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

दुकानदाराचं म्हणणं तपासायचंच असेल तर कुणा विद्यार्थ्याकडून पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करून चालवा. त्याचे ड्रायव्हर वेगळे. तिथे स्पीकर वाजले तर बोर्ड शाबूत आहे. आणि समजा नाहीच वाजले, चिप खरंच गेलेली निघाली, तरी दोन-तीनशे रुपयांत यूएसबी साउंड कार्ड मिळतं. तेवढ्यासाठी बोर्ड कोण बदलतो?

एक गोष्ट रविवारच्या आत बघून ठेवा. गाणी वाजायला लागली तरी कॉलवर मुलीचा आवाज येईलच असं नाही, कारण कॉलच्या ॲपमध्ये स्पीकर निवडायची सोय वेगळी असते आणि ते मॉनिटरलाच धरून बसलेलं असू शकतं. ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑडिओ’त जाऊन तिथेही रिअलटेकच निवडा, आणि आधी गावातल्याच कुणाला तरी कॉल लावून पाहा.