ओझर ते दिल्ली : हजार किलोमीटरला दोन तास का?

प्रश्न : माझा मुलगा दिल्लीत नोकरीस आहे. नाशिकरोडहून रेल्वेने दिल्ली साडेतेराशे किलोमीटर पडते. ओझरच्या विमानतळावरून मात्र ती हजार किलोमीटरच्या आतच आहे, असे तो म्हणतो. विमान ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जात असेल, तर सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर दोन तास लिहिले आहेत. यातले खरे काय मानावे?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मुलाने सांगितलेले अंतर बरोबर आहे आणि तिकिटावरची वेळही बरोबर आहे. रेल्वे मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा वळसा घेऊन जाते. दोन विमानतळांमधील अंतर मात्र पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि ते येथे सुमारे 990 किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत साधारण 535 सागरी मैल भरते. ठरलेल्या हवाई मार्गांमुळे प्रत्यक्ष उड्डाण याहून थोडे लांबते.

आपला हिशेब चुकतो तो वेगाच्या बाबतीत. ताशी 830 किलोमीटरच्या आसपासचा वेग जेट विमानाला पुरेशी उंची गाठल्यावरच मिळतो. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारणपणे 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे, तर विमान जवळजवळ दोनशे किलोमीटर आधीच खाली येऊ लागते. त्यामुळे एवढ्या प्रवासाचा बराच भाग चढण्या-उतरण्यातच जातो, आणि अंतर जितके कमी तितका सरासरी वेग घटतो. शिवाय तिकिटावरचा अवधी केवळ हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले तेव्हापासून ते दिल्लीत नेमून दिलेल्या जागी थांबेपर्यंतचा तो काळ असतो, आणि दिल्लीसारख्या विस्तीर्ण, गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपासून टर्मिनलपर्यंत येण्यातही बरीच मिनिटे जातात.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. मुंबई-कोलकाता मार्गावर त्यांनी जाण्या-येण्यात अर्ध्या तासाइतका फरक पडू शकतो. आपला मार्ग मुख्यतः उत्तरेकडचा असल्याने वारा बहुतांशी बाजूने लागतो आणि फरक काही मिनिटांचाच राहतो. खरी काळजी डिसेंबर-जानेवारीतील दिल्लीच्या धुक्याची घ्यावी. त्या दिवसांत पुढची गाडी किंवा दुसरे विमान गाठायचे असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

घरून निघतानाही दोन तासांवर विसंबू नये. ओझर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, द्वारका चौकात वाहने तुंबतात आणि सामान देण्याचे काउंटर उड्डाणाच्या बरेच आधी बंद होतात. पंचवटीतून उड्डाणाच्या तीन तास आधी निघावे. मुलाला मात्र तिकिटावरील वेळेनंतर अर्ध्या तासाने बाहेर यायला सांगावे, कारण पट्ट्यावरून सामान येण्याचा वेळ त्या दोन तासांत धरलेला नसतो.