सोसायटीच्या ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन' लावावं का?

१२० फ्लॅटची सोसायटी, एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रोजची भांडणं. म्हणून मेसेज टाकायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात ठेवू नका. गुड मॉर्निंगची फुलं थांबवायला लावलेलं कुलूप चार दिवसांत हिशोबाच्या प्रश्नांवर पडतं आणि माझा राग आहे तो त्यावरच. कुलूप मधेच उघडलं की एखादा सभासद विचारतो, 'लिफ्टच्या कामाला तीन कोटेशनं मागवली होती का?' अ‍ॅडमिन मेसेज उडवतो. कुठल्या अ‍ॅडमिनने उडवला ते तिथे सगळ्यांना दिसतं आणि तोवर स्क्रीनशॉट निघालेला असतो. रात्रीपर्यंत दुसरा ग्रुप तयार. त्यात कमिटीचं कुणी नाही, म्हणजे उत्तर द्यायलाही कुणी नाही. सेक्रेटरीने पहिल्याच ग्रुपवर बिलाचा फोटो टाकला असता तर विषय मिटला असता. आता त्याच बिलाचा घोटाळा होऊन बसतो. ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त पाहायचा हक्क सभासदाला सहकार कायद्यानेच दिलाय. त्यावरचा प्रश्न पुसणं ही शिस्त नाही, दडपणूक आहे.

कुलूप हवंच असेल तर त्याला वेगळी खोली द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली आणायची सोय, तयार केली की सूचनांचा ग्रुप आपोआप मिळतो आणि तिथे नवी सूचना फक्त अ‍ॅडमिन टाकतात. पाणी बंद, टँकर, सभेची नोटीस तिथे. चर्चेचा ग्रुप त्याच कम्युनिटीत वेगळा जोडा. त्यात बंदी तीनच गोष्टींना: शिवीगाळ, थकबाकीदारांची नावं, मुलांचे सीसीटीव्हीतले फोटो. हे नियम पिन करा, म्हणजे ते ग्रुपच्या माथ्यावर दिसत राहतात. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, तेव्हा दर महिन्याला पुन्हा लावावा लागतो. मेसेज उडवला तर कुठल्या नियमाखाली, ते लगेच खाली लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच माणसाचं तोंड बंद करता येत नाही. एक तर त्याला काढा, नाहीतर सगळ्यांना गप्प करा. म्हणून आधी त्याला फोन करा. रात्री अकराला पार्किंगवरून पेटलं तर ग्रुप परमिशन्समध्ये जाऊन सगळ्यांचं बंद करा, पण 'सकाळी ८ ला उघडेल' असं लिहून. आणि ८ ला उघडाच. ते ९ वर गेलं की पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

एक अ‍ॅडमिन कमिटीबाहेरचा असलाच पाहिजे. 'घरातलं बाहेर जाईल' हे कमिटीचं ठरलेलं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. ग्रुपवर आहेत तेच तर घरातले.

रंग कुठला द्यायचा यावर पोल घ्या, पण कुणी काय निवडलं ते त्यात दिसतं, त्यामुळे लोक शेजाऱ्याकडे बघून मत देतात. आणि तो ठराव नव्हे, ठराव सभेतच होतो.

२० बिऱ्हाडांच्या इमारतीला एवढा खटाटोप लागत नाही. पोलीस केसच्या भीतीने कुलूप लावत असाल, तर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.