कोरियाचा वारसा शिकू पाहणारी मुलगी आणि पुसलेल्या ओव्या

प्रश्न : माझी मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला वाणिज्य शाखेत ८६ टक्के मिळूनही तिने सी.ए.ला नकार दिला. दोन वर्षांपासून ती कोरियन भाषा शिकते आणि आता कोरियातील पारंपरिक गायन, विणकाम, विधी अशा ‘अमूर्त वारशा’च्या जतनाचे शिक्षण घेण्यासाठी तिकडे जायचे म्हणते. तिथे सरकार कलावंतांना दरमहा मानधन देते, असे ती सांगते. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या कला जपून आपल्या मुलीला काय मिळणार? घरीही तिने आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून फोन भरून टाकला होता. अभ्यासात लक्ष लागावे म्हणून मी त्या पुसायला लावल्या. तिला बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षांकडे कसे वळवावे? – एक पालक, सांगली (मूळ चार पानी पत्राचा सारांश)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. मला मुलीच्या टक्केवारीची काळजी वाटत नाही, कोरियाचीही वाटत नाही. आपण तिला आजींच्या ओव्या पुसायला लावल्या, याची मात्र फार वाटते. पहाटे जात्यावर बसून दळलेल्या बायकांची ही बहुधा शेवटची पिढी आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि जात्याबरोबर गाण्याची ती वेळही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तरीही आपल्या घरातील आजींच्या ओव्या त्यांत असतीलच असे नाही, कारण प्रत्येक बाई ओवीत आपले माहेर, आपला भाऊ आणि आपल्या वाट्याला आलेले दुःख गुंफत असते. ज्या कामाचे शिक्षण घ्यायला मुलगी परदेशी जाऊ पाहते, नेमके तेच काम ती कोणी न सांगता घरात बसून करत होती आणि आपण ते अभ्यासातील अडथळा समजून थांबवले. रागावू नका, पण ही चूक गंभीर आहे, आणि ती थोडीफार तरी सुधारण्याची वेळ अजून गेलेली नसावी.

चार पानांच्या पत्रात मुलीचे म्हणून एकच वाक्य आहे, तेही मानधनाविषयीचे आणि तेही खोडून काढण्यासाठी घेतलेले. तिला या विषयात काय दिसले, कोरियन शिकायला तिने सुरुवात का केली, आजींपाशी ती तासन्‌तास का बसली, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही आणि मला वाटते, आपण तिला ते विचारलेलेही नाही. एका पगारावर घर चालवणाऱ्या बापाला मुलीच्या पोटापाण्याची चिंता असणे स्वाभाविक आहे आणि त्या चिंतेचे उत्तर मी पुढे देणार आहे. मात्र वीस वर्षांच्या मुलीला तिच्या अपरोक्ष ‘वळवण्या’चे उपाय मी सुचवणार नाही. बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात, त्यामुळे त्यांची घाई आज करण्याचे कारण नाही.

‘दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या कला’ हे आपले शब्द मात्र मला सोडवत नाहीत, कारण कोरियातही एका पिढीने आपल्याच म्हाताऱ्यांविषयी असेच म्हटले होते. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे तो देश जपानच्या ताब्यात होता, १९५० ते १९५३ या काळात युद्धाने तो होरपळला, आणि त्यानंतर कारखानदारी इतक्या वेगाने वाढली की खेडी ओस पडू लागली. दक्षिण कोरियाने १९६२ साली सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला तो या पडझडीत, आणि त्यात वास्तू व मूर्तींच्या बरोबरीने गाणे, नृत्य, विधी आणि हस्तकौशल्य यांनाही जागा दिली. १९६४ मध्ये जोंगम्यो या राजघराण्याच्या पितृमंदिरातील विधिसंगीताची या कायद्याखालील अमूर्त वारशाच्या यादीत पहिली नोंद झाली. एक गायक आणि एक ढोलवादक मिळून तासन्‌तास कथा गाऊन सांगतात, ते पान्सोरीही त्याच वर्षी यादीत आले. आणि तरीही १९७० च्या दशकात त्याच देशात ग्रामसुधारणेच्या मोहिमेत गावदेवतांचे विधी अंधश्रद्धा म्हणून मोडून काढले गेले. एका हाताने जपायचे आणि दुसऱ्या हाताने पुसायचे, हे सरकारकडूनही घडते आणि घरातही घडते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. दक्षिण चुंगचाँग प्रांतात हान्सान नावाचा भाग आहे. तेथे रॅमी या झुडपाच्या सालीपासून ‘मोसी’ नावाचे अत्यंत तलम, उन्हाळ्यात अंगाला गार वाटणारे कापड विणतात. साल सोलून आतला तंतू काढतात, तो पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवतात आणि मग बायका तो दातांनी फाडून केसाइतका बारीक करतात. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या बायकांच्या दातांवर खाचा पडतात. फाडलेल्या तंतूंची टोके थुंकीने ओली करून उघड्या गुडघ्यावर वळून जोडतात आणि सलग धागा तयार होतो. विणताना हवा कोरडी असली की धागा तुटतो, म्हणून पूर्वी हे माग दमट तळघरात लावत. आईने मुलीला आणि सासूने सुनेला शेजारी बसवून शिकवावे, अशीच ही विद्या चालत आली. २०११ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या आपल्या यादीत घेतले. चित्रफितीत यातले पुष्कळ दिसते, परंतु तंतू किती ओला असताना फाडायचा आणि हाताची ओढ कोणत्या क्षणी सैल सोडायची, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. शिकायला कोणी आलेच नाही, तर यादीतील नोंद राहते आणि कापड जाते.

मानधनाबाबत मात्र आपल्या मुलीचा मोठा गैरसमज आहे आणि तो आपण तिला हे उत्तर दाखवूनच दूर करावा. कोरियन सरकार दरमहा अनुदान देते ते प्रामुख्याने ‘बोयुजा’ला, म्हणजे ती कला ज्याच्या हाती पूर्णत्वाने आहे असे सरकारने मान्य केलेल्या धारकाला, आणि पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी त्यासोबत त्याच्यावर येते. त्या पायरीपर्यंत पोहोचायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. आधी शिष्य म्हणून किमान तीन वर्षे शिकायचे, मग परीक्षा देऊन ‘इसुजा’, म्हणजे शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळालेला कलावंत, व्हायचे, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शिकवण्याचा अधिकृत दर्जा मिळू शकतो आणि त्यातूनच क्वचित कोणी धारक होतो. इसुजाचे प्रमाणपत्र हाती आल्याने पगार सुरू होत नाही. कितीतरी इसुजा दुसरी नोकरी करून कला सांभाळतात. परदेशातून पदवीसाठी आलेल्या विद्यार्थिनीने या शिडीवर पोटाचा हिशेब मांडणे शुद्ध भाबडेपणा ठरेल. तिला काम मिळू शकते ते वेगळ्या ठिकाणी. आरिरांग हे गाणे २०१५ मध्ये आणि किमची ही आंबवलेली भाजी करण्याची पद्धत २०१७ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली गेली, तेव्हा कोणा एका व्यक्तीला धारक नेमले नाही, कारण ती दोन्ही साऱ्या समाजाची आहेत. अशा ठिकाणी मुलाखती घेणारे, ध्वनिमुद्रणांची सूची लावणारे, संग्रह सांभाळणारे, शाळांसाठी पाठ तयार करणारे आणि भाषांतर करणारे लोक लागतात. २०१६ साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने कला जशीच्या तशी गोठवून ठेवण्याचा आग्रह सोडला आणि तिचा गाभा राखून काळाप्रमाणे होणारा बदल मान्य केला. कोणता बदल गाभ्याला धक्का लावतो आणि कोणता लावत नाही, हे ठरवायला अभ्यासकच लागतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तिने आत्ता बी.ए. सोडून कोठेही जाऊ नये. पदवी उत्तम गुणांनी पूर्ण करावी आणि कोरियन भाषेच्या ‘टोपिक’ परीक्षेच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी गाठावी. मालिका पाहून आलेली भाषा येथे अपुरी पडेल, कारण पान्सोरीच्या संहितेत जुने चिनी शब्द आणि जोल्ला प्रांताची बोली खच्चून भरलेली असते. त्यानंतर कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीतून पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करता येतो, आणि त्यात भाषेच्या प्रशिक्षणाचे एक वर्ष धरलेले असते. बुयो येथे केवळ वारसा या विषयाला वाहिलेले राष्ट्रीय विद्यापीठ आहे. जोंजू येथे अमूर्त वारशाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि आशिया-प्रशांत प्रदेशासाठी युनेस्कोशी संलग्न असलेले केंद्रही त्याच शहरात आहे. भारतात राहूनच पुढे शिकायचे असेल, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन भाषेत एम.ए. करता येते.

आपली खरी चिंता पोटापाण्याची आहे. वारसा-क्षेत्रातील कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि बरेचसे काम कंत्राटी स्वरूपाचे असते, हे मी लपवणार नाही. मात्र चांगली कोरियन भाषा येणाऱ्याला दुसरा आधार आहे. आपल्या सांगलीपासून फार दूर नसलेल्या पुण्याजवळ, रांजणगाव आणि तळेगाव येथे कोरियन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत आणि अशा ठिकाणी दुभाषांची गरज पडते. त्यामुळे तिने भाषेवर घालवलेली दोन वर्षे कोणत्याही परिस्थितीत वाया गेलेली नाहीत.

आता तातडीचे काम. मुलीला विचारा, की पुसलेल्या ओव्यांची प्रत तिने दुसऱ्या कोठे, एखाद्या मैत्रिणीकडे किंवा ई-मेलवर ठेवली आहे का. अनेकदा अशी प्रत असते. नसेल, तर फोन बाजूला ठेवून तो जाणकाराला दाखवा, कारण नवी माहिती साठत गेली की जुनी परत मिळण्याची शक्यता कमी होते. आजींची प्रकृती बरी असेल तर त्यांची परवानगी घेऊन मुलीने पुन्हा बसावे आणि या वेळी आपणही शेजारी बसावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर तारीख, गाव, ओवी कोणाकडून शिकली, ती दळताना म्हणत की कांडताना, आणि ती इतरांना ऐकवायला आजींची हरकत आहे का, हे वहीत लिहून ठेवावे. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत ‘आपण आजवर काय केले’ याचे उत्तर द्यावे लागेल, तेव्हा तिच्याकडे दाखवायला ही वही असेल.

यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. आजींच्या किती ओव्या हाती लागल्या, तेही तिने त्यात कळवावे, म्हणजे त्यांची सूची कशी लावायची ते मी तिला सविस्तर लिहीन.