आपल्याच आजारावर संशोधन करावं का?

प्रश्न: मॅडम, मी जैवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून मला टाइप-१ मधुमेह आहे. त्यामुळे मी मधुमेहावरच संशोधन करणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. मी रमते ती प्रथिनं शुद्ध करण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये. शिवाय लॅबमध्ये मध्येच साखर उतरली तर, ही धास्ती असतेच. काय करू?

उत्तर: आधी धास्तीचं बघू. लॅबमध्ये खाण्यापिण्याला बंदी असते आणि ती योग्यच आहे. म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या ॲप्रनच्या खिशात नकोत, दाराबाहेरच्या सॅकमध्ये हव्यात. साखर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर पिपेटला हात लावायचा नाही. प्रयोग वाया गेला तर जाऊ दे. बोट टोचण्याआधी हातमोजे काढून हात साबणाने धू. बोटाला साखर लागलेली असेल तर आकडा फुगतो. बाहेर एकटीने जाऊ नकोस. शेजारी काम करणाऱ्या मुलीला आणि सरांना हे सगळं ठाऊक असायलाच हवं. आजार लपवून काम करणाऱ्या मुलांची मला फार काळजी वाटत आली आहे.

आता तुझी आवड. इन्सुलिन म्हटलं की ते शोधणारे बँटिंग आणि बेस्ट आठवतात. पण ११ जानेवारी १९२२ला टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला त्यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क टोचला तेव्हा साखर जेमतेम उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं, इतका तो अशुद्ध होता. जेम्स कोलिप या जैवरसायनशास्त्रज्ञाने अर्कातलं अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलं. नको असलेली बरीच प्रथिनं आधीच खाली बसली, इन्सुलिन मात्र अल्कोहोल ९० टक्क्यांच्या आसपास गेल्यावर बसलं. २३ जानेवारीला तो अर्क दिल्यावर मुलाची साखर झपाट्याने खाली आली. पुढे मोठ्या प्रमाणावर करताना हेच कोलिप यांना काही आठवडे जमेना! शुद्धीकरण इतकं अवघड असतं, आणि तू त्यात रमतेस. मग तेच कर. प्रथिन मधुमेहाशी संबंधित नसलं तरी काही बिघडत नाही. दिवसभर स्वतःची साखर सांभाळायची आणि रात्री त्यावरचेच शोधनिबंध वाचायचे, हे सगळ्यांना झेपत नाही. झेपणार असेल तर जरूर जा, पण लोकांनी गृहीत धरलंय म्हणून नको.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट ठरवताना गाइडना एक गोष्ट आधीच विचार: कॉलम (प्रथिनं वेगळी करायची नळी) रात्रभर चालवायचा असेल, तेव्हा लॅबमध्ये सोबत कोण असतं?