त्रेपन्न मिनिटं खुर्चीत

"मॅडम, एकटा खेळतो तेव्हा शंभराचा ब्रेक होतो. सामन्यात पंचवीस गुणांच्या पुढे जात नाही. माझ्यातच काही खोट आहे का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला शब्द बदलून वर्षभर ऐकू येतो. कधी गाणाऱ्या मुलीकडून, कधी तोंडी परीक्षेत गप्प होणाऱ्या विद्यार्थ्याकडून. या वेळी विचारणारा स्नूकरचा खेळाडू होता. ब्रेक म्हणजे एका दमात, न चुकता मिळवलेले गुण. वय सव्वीस. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तो ४-१ असा पुढे होता. एकच फ्रेम, म्हणजे एकच डाव, हवा होता. सामना ४-५ असा गेला. तरीही जागतिक हौशी स्पर्धेसाठी त्याची निवड झाली, आणि तिथे तो गटसाखळीतच गारद झाला. माझ्याकडे आला तेव्हा तीन आठवडे त्याने क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, केस उघडलेली नव्हती. झोप ठीक होती, मित्रांमध्ये मिसळत होता, त्यामुळे नैराश्याची शंका मी लवकर बाजूला ठेवली. क्यू मात्र कपाटावर.

मला स्नूकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या बैठकीत समुपदेशन कमी आणि माझी शिकवणीच जास्त झाली. पंधरा लाल बॉल, सहा रंगीत, आणि क्यूने मारायचा एक पांढरा. एक लाल टेबलाच्या भोकात घालवायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. प्रत्येक लालनंतर सात गुणांचा काळा घेत गेलं आणि शेवटी सगळे रंग साफ केले तर १४७. बारा फुटी टेबल, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा. हे सांगताना त्याचे हात टेबलावर खेळत होते आणि चेहरा उजळला होता. खेळाचा कंटाळा आलेला माणूस असा बोलत नाही, एवढी नोंद मी केली.

मी त्याला आधी एकच गोष्ट खोदून विचारली: एकटा असताना, कुणी बघत नसताना, हात कधी अडकतो का? क्यू मागे नेल्यावर पुढे येतच नाही, किंवा आपोआप झटका बसतो, असं? याला खेळाडू 'यिप्स' म्हणतात. सात वेळा व्यावसायिक जगज्जेता झालेला स्टीफन हेंड्री कारकिर्दीच्या उत्तरार्धात याने हैराण झाला होता आणि ते त्याने उघड सांगितलं. एकांतातही हात असा दगा देत असेल, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नये. तंत्राचा प्रशिक्षक आणि कधी कधी मेंदूविकारतज्ज्ञही लागतो. याचं उत्तर स्वच्छ 'नाही' होतं. एकटा असताना सगळं लोण्यासारखं.

मग मी नेहमीचा मार्ग धरला. जिना उतरताना पावलं कशी पडतात याकडे लक्ष दिलं की माणूस अडखळतो. दडपणाखाली हेच होतं: वर्षानुवर्षं आपोआप होणारी हालचाल आपण हाताने चालवायला जातो. पकड घट्ट होते, क्यू बॉलपर्यंत पोचता पोचता मंदावतो. हे त्याला पटलं. संथ श्वास, फटक्याआधीचा ठरलेला क्रम, डोळे मिटून फटका मनात खेळून पाहणं, असा गृहपाठ मी दिला. मुलगा मेहनती, त्याने तो इमानाने केला. मधल्या एका छोट्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरून आला.

"श्वास मस्त चालू होता मॅडम," तो म्हणाला. "बॉल जात नव्हते."

त्याच बैठकीत वय निघालं. त्याच्याकडे यादी तोंडपाठ होती. जिमी व्हाइट १९८० मध्ये अठराव्या वर्षी जागतिक हौशी विजेता. इराणचा होसेन वफाई २०११ मध्ये सतराव्या वर्षी. पाकिस्तानचा अहसान रमजान २०२२ मध्ये सोळाव्या. चीनचा यान बिंगताओ २०१४ मध्ये चौदाव्या! "आणि मी सव्वीस."

मी घरी जाऊन अभ्यास केला आणि पुढच्या वेळी उलटी यादी घेऊन बसले. मोहम्मद आसिफने २०१२ मध्ये सोफियात पहिलं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं तेव्हा तो तिशीचा होता, आणि २०१९ मध्ये अंताल्यात पुन्हा जिंकला. सोफियाच्या अंतिम सामन्यात त्याच्याकडून हरलेला गॅरी विल्सन एके काळी टॅक्सी चालवत होता, पुढे २०२२ मध्ये त्याने व्यावसायिकांची स्कॉटिश ओपन जिंकली. पंकज अडवाणी २००३ मध्ये जिंकला, मग थेट २०१५ मध्ये. स्टुअर्ट बिंगहॅम १९९६ चा हौशी जगज्जेता, व्यावसायिक जगज्जेता झाला २०१५ मध्ये. एकोणीस वर्षांनी. मी बऱ्यापैकी रंगात आले होते.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हे सगळं मला माहीत आहे मॅडम. खुर्चीत बसलेलो असतो तेव्हा मी हेच आठवत बसतो."

"कुठल्या खुर्चीत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. माश्याला पाण्याबद्दल विचारावं तसा चेहरा. प्रतिस्पर्धी खेळत असतो तेव्हा आपण खुर्चीत बसायचं, त्याच्या नजरेच्या रेषेत हलायचं नाही, आवाज करायचा नाही. तो चुकेपर्यंत बसून राहायचं. दहा मिनिटं, कधी अख्खी फ्रेम. टेनिसमध्ये समोरच्याचा फटका परतवता तरी येतो. इथे तो लुटतोय आणि तुम्ही हात जोडून बघताय.

हे मला बैठकीच्या खोलीत समजलं नसतं, म्हणून त्याच्या परवानगीने मी एक सामना पाहायला गेले. असं मी सहसा करत नाही. मागच्या रांगेत घड्याळ आणि वही घेऊन बसले. सामना दीड तासाचा झाला. त्यातली त्रेपन्न मिनिटं तो खुर्चीत होता. तेवढ्यात त्याने अकरा वेळा क्यू पुसला आणि गुणफलकाकडे किती वेळा पाहिलं ते मोजणं मी सोडून दिलं. उजव्या पायाची टाच सतत उडत होती. दीर्घ बसणं संपवून तो नऊ वेळा टेबलाशी गेला, आणि नवापैकी सहा वेळा पहिलाच बॉल चुकला. पहिला बॉल गेला, तर मात्र पुढचे चार-पाच सहज जात. म्हणजे हात शाबूत होता. बिघडत होता तो खुर्चीपासून टेबलापर्यंतच्या सहा पावलांमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तू एकटा सराव करतोस तेव्हा काय करतोस?"

"लाइन-अप. लाल बॉल एका रेषेत लावायचे आणि साफ करत जायचे. रोज चार तास."

"त्यात बसतोस कधी?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हसला. माझ्याकडे येऊ लागल्यापासून पहिल्यांदा.

रोजचे चार तास तो एक खेळ खेळत होता, आणि स्पर्धेत दुसरा. सरावात चुकलं की लगेच बॉल पुन्हा मांडता येतो, अंग गरम असतं, नजर टेबलावर असते. सामन्यात आठ मिनिटं थिजून बसायचं, मग उठून, समोरच्याने मुद्दाम अवघड ठेवलेला, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाचा बॉल एकाच प्रयत्नात घालवायचा. याचा सराव त्याने आयुष्यात केला नव्हता. 'सरावात येतं, स्पर्धेत येत नाही' असं कुणी म्हणालं की मी हल्ली आधी हेच विचारते: सरावात नक्की काय करता? मनात खोट शोधण्याआधी वेळापत्रक बघावं. श्वासाची आणि यादीची, त्या दोन बैठका मी फुकट घालवल्या, हे कबूल करायला हवं.

आम्ही सराव बदलला. आम्ही म्हणजे त्यानेच, मी फक्त हट्ट धरला. भिंतीशी खुर्ची ठेवायची. सरावाच्या जोडीदाराने टेबलावर खेळायचं, याने बसायचं. जोडीदार नसेल तर घड्याळ लावून आठ मिनिटं. मग उठून एक लांबचा फटका, एकच संधी. चुकलं की परत खुर्ची. पहिल्या आठवड्यात तो वैतागला. "चार तासांत वीस फटके झाले, हा कसला सराव?" वीस खरे फटके झाले, मी म्हटलं.

बसल्यावर काय करायचं हेही ठरवावं लागलं, कारण रिकामी खुर्ची मन आपल्या मर्जीने भरतं. शांत बस, सकारात्मक विचार कर, असं मी सांगितलं नाही. त्याला एक काम दिलं: समोरच्याच्या प्रत्येक फटक्याआधी मनात म्हणायचं, पांढरा बॉल कुठे थांबेल. बरोबर आलं की चूक, याचा हिशोब नाही. नजर गुणफलकावरून टेबलावर आणायची, इतकाच हेतू. त्यातून टेबलाच्या कापडावर बॉल किती वेगाने पळतोय, कडेच्या कुशनवरून कसा उसळतोय, हेही कळत राहतं. परक्या टेबलावर ते सोनं असतं. जागतिक स्पर्धेत नवं कापड, अनोळखी टेबल आणि सरावाला मिळणारा मोजका वेळ यांनी तो गांगरला होता. खुर्चीतून पाहायला फुकट मिळत होतं, तेव्हा तो गुणफलक वाचत होता.

दुसरा नियम उठल्यावरचा. कुठला फटका ते उभ्यानेच ठरवायचं आणि मगच वाकायचं. वाकल्यावर शंका आली तर सरळ उभं राहायचं, पुन्हा ठरवायचं. हा कुठल्याही बऱ्या प्रशिक्षकाचा पहिला धडा. त्याला तो माहीत होता. सहा पावलांत विसरत होता.

एक गोष्ट उरली होती. खुर्चीतल्या विचारांची नोंद त्याला ठेवायला सांगितली होती. सामना संपला की लगेच चार ओळी. त्या वहीत प्रतिस्पर्ध्याचं नाव क्वचित होतं. वय होतं, यादी होती, आणि एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: 'किती?'

प्रत्येक सामन्यानंतर वडिलांचा फोन येई आणि पहिला शब्द असे, "किती?" म्हणजे गुणफलक काय झाला. हरला असेल तर हा आकडा सांगे, पलीकडे क्षणभर शांतता, मग "बरं, ये." ओरडणं नाही, टोमणा नाही. त्या शांततेचीच तयारी तो तिसऱ्या फ्रेमपासून खुर्चीत करत असे.

वडिलांना बोलावलं. मला वाटलं होतं, मुलाने नोकरी धरावी म्हणून मागे लागलेले गृहस्थ असतील. तसं काही निघालं नाही. त्यांनी आयुष्यात क्यू धरला नव्हता. पण १९८४ मध्ये ओम अग्रवाल डब्लिनला जागतिक हौशी स्नूकर जिंकले, भारतातले पहिलेच, ती बातमी त्यांनी तरुणपणी वाचली होती आणि कात्रण जपून ठेवलं होतं. मुलाला ते कधी दाखवलं नव्हतं.

"का नाही दाखवलं?"

"उगाच दडपण नको म्हणून," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग फोनवर विचारू तरी काय? मला खेळातलं एवढंच कळतं, किती ते."

प्रश्न रास्त होता. काळजी वाटणाऱ्या माणसाला 'विचारू नका' एवढंच सांगून भागत नाही, त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. मी म्हटलं, आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा. त्या रात्री असं काही विचारा, ज्याचं उत्तर त्याला येतं आणि तुम्हाला येत नाही.

पुढची राष्ट्रीय स्पर्धा आली. तो उपांत्यपूर्व फेरीत निर्णायक फ्रेममध्ये हरला. म्हणजे आधीच्या वर्षीपेक्षा एक फेरी मागे. माझ्याकडे येऊन त्याने ती फ्रेम सांगितली: अकरा मिनिटं बसून उठलो, लांबचा लाल घातला, त्यावर ६२ चा ब्रेक केला, आणि मग गुलाबी बॉल भोकाच्या तोंडाशी अडकून राहिला. तो फटका पुन्हा मिळाला तर असाच खेळेन, म्हणाला. वहीत त्या सामन्याच्या चार ओळींपैकी तीन कापडाबद्दल होत्या. क्यूची केस त्याच्या सोबतच होती, इथून तो सरावाला जाणार होता.

त्याच संध्याकाळी वडिलांचा मला फोन आला. जरा दबक्या आवाजात.

"मॅडम, काल रात्री त्याला विचारलं, टेबल कसं होतं. वीस मिनिटं बोलला. कापड म्हणे फार वेगवान होतं. ते चांगलं असतं की वाईट?"

मलाही ठाऊक नव्हतं. त्यालाच विचारा, म्हटलं.