वारेत जीवाणूंची वस्ती असते का?

प्रश्न : माझ्या सुनेला सहावा महिना चालू आहे. वारेत चांगल्या जीवाणूंची वस्ती असते, ते तोंडातील जीवाणूंसारखे असतात आणि बाळाला पोटातच मिळतात, असे वाचनात आले. त्यासाठी एका परिचितांनी प्रोबायोटिकची (जिवंत ‘चांगल्या’ जीवाणूंची) पूड सुचवली आहे. यात तथ्य किती? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेल्या माहितीचे मूळ २०१४ सालच्या एका शोधनिबंधात आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी ३२० स्त्रियांच्या वारेचे नमुने तपासून, त्यांत सापडलेला जीवाणूंचा डीएनए तोंडातील जीवाणूंशी मिळताजुळता असल्याचे मांडले होते. निबंध फार गाजला. त्यावरील आक्षेप मात्र सामान्य वाचकांपर्यंत तितकेसे पोहोचले नाहीत.

मुख्य अडचण अशी की, वारेत जीवाणू असलेच तर ते इतके थोडे असतात, की डीएनए वेगळा करण्याच्या किटमधील रसायनांतच माती-पाण्यातील जीवाणूंचा जो अंश असतो, तोच तपासणीत वरचढ ठरतो. शिवाय योनिमार्गातून बाहेर पडताना तेथील जीवाणू वारेला चिकटतात ते वेगळेच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ५३७ स्त्रियांच्या वारेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच शंका डोळ्यांसमोर ठेवून आखलेला होता. त्यांनी वेगवेगळ्या किट वापरून निष्कर्ष पडताळले, आणि आपली पद्धत अत्यल्प जीवाणूही टिपते की नाही हे पाहण्यासाठी काही नमुन्यांत ‘साल्मोनेला बोंगोरी’ हा जीवाणू मोजून मिसळला. मिसळलेला जीवाणू बरोबर सापडला. बाकी जे सापडले ते जवळजवळ सर्व रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेले निघाले. अपवाद ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’चा. कळा सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या सुमारे ५ टक्के नमुन्यांत तो आढळला, आणि नवजात बाळाला गंभीर संसर्ग करू शकणारा हा जीवाणू ‘चांगल्यां’त मुळीच मोडत नाही. आम्हांला सर्वांत पटणारा पुरावा याहून जुना आहे : सिझेरियनने काढून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या पिढ्या प्रयोगशाळांत कित्येक दशके पूर्णपणे जीवाणूविरहित राहतात. वारेत कायमची वस्ती असती, तर हे शक्यच झाले नसते.

जीवाणूंची खरी धास्ती आहे ती पाणमोटेच्या पडद्यांना. आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याची मजबुती कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर अवलंबून असते. योनिमार्गातून वर चढलेल्या संसर्गामुळे तेथे दाह झाला, की कोलॅजन विरघळवणारी विकरे वाढतात आणि दिवस भरण्यापूर्वीच पाणमोट फुटू शकते. म्हणून सदतीस आठवड्यांपूर्वी थोडेही पाणी गेल्यासारखे वाटले, तरी घरी वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

हिरड्यांच्या आजारामुळे बाळंतपण लवकर होते, असेही आपण वाचले असेल. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणातील उपचाराने हिरड्या सुधारल्या, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे प्रमाण घटले नाही. उपचार सुरक्षित ठरले, त्यामुळे हिरड्यांतून रक्त येत असेल तर सुनेने दंतवैद्याकडे जरूर जावे. मात्र ते हिरड्यांसाठी. वारेत जीवाणू ‘पेरण्या’साठी पूड घेण्यास आधार नाही. अन्य कारणासाठी ती घ्यायची असेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घरच्या ताक-दह्याला आमची अर्थातच हरकत नाही.